मालकाची कैफियत

१९४० सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या बटलर गावी, डबघाईस आलेल्या बॅन्टम नावाच्या एका मोटार कंपनीने लष्कराच्या मागणीवरून एकोणपन्नास दिवसांच्या मुदतीत एक ओबडधोबड चारचाकी घडवली आणि मुदत संपण्यास जेमतेम अर्धा तास उरला असताना ती मेरीलँडमधील होलाबर्डच्या तळावर नेऊन उभी केली. तेथील परीक्षकांनी पुढचे काही आठवडे तिला चिखलातून, वाळूतून, चढउतारांवरून निर्दयपणे पिटाळले, तिचे दोष एकेक करून टिपून घेतले, आणि अखेरीस अनुकूल अभिप्राय दिला. जीप या नावाने पुढे जगभर पसरलेल्या कुळीचा आरंभ असा परीक्षेतून झाला; परंतु त्या परीक्षकांपैकी कोणालाही ती गाडी वीस वर्षे अंगणात बाळगायची नव्हती, तिच्या टपातून गळणारे पाणी स्वतःच्या गुडघ्यावर झेलायचे नव्हते, की मुलीच्या लग्नासाठी बाजूस काढलेल्या रकमेतून तिच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती करायची नव्हती.

डोंगरवाटांवर, ओढ्यानाल्यांतून, रस्ता संपल्यावरही चालावे म्हणून केलेले असे एखादे दणकट वाहन घेण्याचा विचार मनात येतो तेव्हा शहाणा मनुष्य कंपनीचे माहितीपत्रक बाजूस ठेवतो, वर्तमानपत्रातील परीक्षण वाचून त्याची घडी करतो, आणि ज्याने तसले वाहन सातआठ पावसाळे वापरले आहे अशा इसमाचा शोध घेऊ लागतो. त्या इसमाची जबानी त्याला निर्णायक वाटते. ती तशी का वाटावी, आणि वाटली तरी ती तशी असते काय, हा प्रश्न वरकरणी मोटारींच्या बाजारातला दिसतो. पण ज्या प्रश्नावर आपल्याकडील नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध यांनी शतकानुशतके एकमेकांचा पिच्छा पुरवला, त्याच प्रश्नाचे हे एक आजचे रूप आहे. दुसऱ्याच्या शब्दाने मला होणारे ज्ञान केव्हा प्रमाण मानावे, आणि तो दुसरा कोण असावा?

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेली नवी ‘थार’ घ्या. तिचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, ही विधाने पहिल्याच दिवशी पडताळता येतात. त्यांच्यासाठी आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे असा सांगणारा, लागत नाही, मोजपट्टी लागते. परंतु पुढचे आसन कलते करून मागे शिरावे लागत असल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिसऱ्या खेपेपासून येणेच सोडून दिले, ही हकीकत कोणत्याही मोजपट्टीवर उमटत नाही. ती काळाने सांगितली तरच कळते, आणि काळ स्वतः बोलत नसल्यामुळे त्याच्या वतीने मालकाला बोलावे लागते.

न्यायभाष्याच्या अगदी आरंभीच नैयायिक वात्स्यायनाने असा विचार मांडला आहे की, प्रमाणाने अर्थ कळल्यावर मनुष्य प्रवृत्त होतो आणि ती प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ते प्रमाण सार्थ ठरते. दुरून चकाकणारे ते पाणीच होते की मृगजळ, याचा निवाडा तहान भागल्यावर होतो. मीमांसकांना हे मान्य नव्हते. ज्ञान उपजते तेच स्वतःचे प्रामाण्य घेऊन, आणि पुढे बाध आला तरच ते टाकावे लागते, असा त्यांचा पक्ष. दोन्ही पक्षांत तथ्य आहे असे म्हणणे हे निबंधकारांचे नेहमीचे पळपुटेपण होईल, तेव्हा मी एवढेच नमूद करतो की गाडी विकत घेताना प्रत्येक मनुष्य मीमांसक असतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात तो नैयायिक होतो. पैसे भरताना त्याला मिळालेले ज्ञान स्वतःप्रमाण वाटते. पुढे कधीतरी वरंधा घाटात, धुक्यात, भोराहून महाडाकडे उतरताना, काचेवरचा पंखा अर्ध्यावर थबकतो, तेव्हा प्रामाण्य परतः आहे, म्हणजे बाहेरच्या पडताळ्याने ठरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला ज्यांची शेती आहे, असे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्याजवळ महिंद्राची जुनी एम. एम. ५४० जातीची डिझेल जीप आहे आणि त्या जीपची एक वही आहे. वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी असते तसली लांबट वही. तीत तारीख, किलोमीटर, काम, मिस्त्रीचे नाव आणि रक्कम असे रकाने आखलेले, आणि प्रत्येक नोंद अशा कोरड्या भाषेत की कुळकर्ण्याच्या दप्तराची आठवण व्हावी. पुढच्या डाव्या हबाचे सील बदलले. मागच्या शाफ्टचा क्रॉस बदलला. उजवीकडचा मुख्य पाटा तुटला, ऊस वाहिला होता. किंगपिनचे बेअरिंग, पुन्हा. ‘पुन्हा’ हा शब्द त्या वहीत फार वेळा येतो, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह कधीही नसते. ग्रीस मारल्याच्या तारखा वेगळ्या शाईने आहेत. एके ठिकाणी, रकान्याच्या बाहेर, बारीक अक्षरात लिहिले आहे: रात्री सुनेस दवाखान्यात नेले, ओढा भरून होता, छोटा दांडा टाकला, निघाली. त्या नोंदीपुढील रकमेचा रकाना मोकळा आहे.

मध्यंतरी पुण्याहून एक तरुण अभियंता, नवी दणकट गाडी घ्यावी की जुनी जीप शोधावी अशा संभ्रमात, त्यांच्याकडे आला. हातातली सुपारी कातरता कातरता अण्णांनी त्याचे सगळे प्रश्न ऐकून घेतले. “काका, एकंदरीत गाडी कशी आहे?” असे त्याने अखेर विचारले तेव्हा ते म्हणाले, “गाडी आहे तशी आहे. तुमची पाठ कशी आहे ते सांगा.” तरुण हसला, त्याला वाटले ही थट्टा आहे. थट्टा ती नव्हतीच. अशा वाहनाविषयीचे दीर्घकालीन मत म्हणजे यंत्राविषयीचे मत नसून, त्या यंत्रात आणि त्या देहात इतक्या वर्षांत जो व्यवहार झाला त्याची कैफियत असते, हे त्यांनी आपल्या पद्धतीने सांगितले होते. आखूड अंतरावरची दोन चाकजोडपी आणि त्यांवर पाट्यांच्या कमानी, ही रचना तिशीतल्या मनुष्याला मर्दानी वाटते आणि पंचावन्नाव्या वर्षी तीच रचना त्याला वैद्याकडे धाडते. रचना बदललेली नसते.

आता आक्षेपाकडे वळू, कारण आक्षेप गंभीर आहे. मालकाचे शब्द प्रमाण कसे मानायचे? त्याचा जीव त्या वस्तूत गुंतलेला असतो. ज्या वस्तूवर मनुष्याने आयुष्याची कमाई घातली, जिच्यासाठी घरच्यांचे बोलणे खाल्ले, जिच्या आडदांड रूपाशी त्याने स्वतःच्या पुरुषार्थाची कल्पना नकळत बांधून टाकली, तिच्याविषयी त्याने निःपक्षपाती साक्ष द्यावी ही अपेक्षाच मुळात वेडगळ नव्हे काय? आणि अनुभवही तसाच आहे. अशा गाड्यांचे मालक एकत्र जमले म्हणजे ज्या गोष्टींना अन्य वाहनांचे मालक तक्रार म्हणतात त्या गोष्टी भूषणासारख्या सांगू लागतात: दरवाजा लागत नाही, इंजिनाच्या आवाजात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, तेलाचे ठिपके अंगणात पडतात, आणि पडले नाहीत तर तेल संपले असे समजावे. या विनोदामागे एक युक्ती दडलेली आहे. दोष आपणच हसत सांगून टाकला की दुसऱ्याला तो गंभीरपणे मांडण्याची सोय उरत नाही.

सांख्यकारिकेच्या काही टीकाकारांनी आप्ताचे लक्षण करताना ज्याचे रागद्वेषादी दोष क्षीण झाले आहेत तो आप्त, अशी कसोटी लावली. ती स्वीकारली तर मालकांची साक्ष सरसकट फेटाळावी लागेल. आणि खरे पाहता ज्याचा राग क्षीण झाला आहे असा पुरुष चार चाकांना एकाच वेळी जोर देणारी गाडी घेण्याच्या भानगडीत पडणारच नाही. वात्स्यायनाची कसोटी मात्र निराळी आहे आणि मला ती अधिक व्यवहारी वाटते. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्यास कळवावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. येथे वैराग्याची अट नाही. आसक्त मनुष्यही आप्त होऊ शकतो, फक्त त्याची सांगण्याची इच्छा त्याच्या आसक्तीहून बळकट असली पाहिजे. धर्मशास्त्राच्या नावाने माणसामाणसांत भेद करणाऱ्या समाजात हा भाष्यकार साक्षीच्या बाबतीत इतका उदार कसा राहिला याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. पण ते विषयांतर झाले.

कायद्यानेही हा पेच आपल्या रीतीने सोडवला आहे. हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष तो केवळ हितसंबंधी आहे म्हणून न्यायालय टाकून देत नाही, ती अधिक काटेकोरपणे तपासते. शिवाय १८७२ च्या पुरावा कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात, जो मनुष्य मरण पावला आहे किंवा सापडत नाही त्याचे विधान कोणत्या परिस्थितीत ग्राह्य धरावे हे सांगताना, जे विधान करणाऱ्याच्या स्वतःच्याच आर्थिक वा मालकीहक्काच्या हिताविरुद्ध जाते ते ग्राह्य, असे एक पोटकलम होते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम राहिले. आपल्या तोट्याचे खोटे कोणी सहसा बोलत नाही, हे साधे मनुष्यज्ञान त्यामागे आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे तत्त्व फार उपयोगी पडते. विकायला काढलेल्या गाडीची मालकाने केलेली स्तुती मोलाची नाही. पण चौकटीचा मागचा आडवा दांडा एकदा तडकला होता आणि वेल्ड केला आहे, असे तो न विचारता सांगू लागला, तर त्या एका वाक्याने त्याच्या बाकीच्या वाक्यांनाही वजन येते.

ही रेषा थोडी पुढे ओढली म्हणजे मला एक भेद दिसू लागतो आणि या सबंध लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. ममत्व आणि अभिमान या दोन वृत्ती आपण एका गाठोड्यात बांधतो. अध्यात्मदृष्ट्या दोन्ही त्याज्य असतील, ते मी संतांवर सोपवतो; पण साक्षीच्या दृष्टीने त्यांचे गुण परस्परविरोधी आहेत. ममत्व असलेला मालक वस्तूकडे पाहतो, अभिमान असलेला मालक वस्तूत स्वतःला पाहतो. अण्णांना कोणत्या वळणावर कोणत्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येतो, तो थंडीत येतो की पावसात, आणि दुसऱ्या गिअरवर नाहीसा होतो की नाही, हे सारे ठाऊक आहे. इतकी बारीक माहिती प्रेमावाचून जमा होत नाही. उलट ज्याने निर्णयाची इभ्रत राखण्यासाठी गाडी ठेवली आहे त्याला तो आवाज ऐकूच येत नाही, कारण आवाज ऐकणे म्हणजे निर्णय चुकला असे कबूल करणे होय अशी त्याची धारणा असते. तेव्हा आप्तत्वाला बाधक आहे तो अभिमान. ममत्व तर आप्तत्वाचे साधन आहे, आणि रागद्वेषरहित तटस्थ परीक्षक, जो चार दिवसांनी किल्ली परत करून जातो, त्याला जे दिसत नाही ते तटस्थ असल्यामुळेच दिसत नाही.

परंतु ज्या वस्तूविषयी ही साक्ष द्यायची ती वस्तू तरी एकच आहे काय? राजा मिलिंद रथातून आला तेव्हा बौद्ध भिक्षू नागसेनाने त्याला विचारले होते की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय; आणि प्रत्येक वेळी ‘नाही’ असे उत्तर घेऊन त्याने असे दाखवले की रथ हा या साऱ्यांच्या आश्रयाने चालणारा केवळ एक व्यवहार आहे. नैयायिकांनी याविरुद्ध अवयवांहून भिन्न असा अवयवी मोठ्या हिरिरीने सिद्ध केला खरा, पण त्यांच्या मताप्रमाणेही अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. म्हणजे अण्णांच्या जीपला बौद्ध एक वस्तू मानत नाहीत, आणि नैयायिकांच्या हिशेबी किंगपिनच्या प्रत्येक बेअरिंगाबरोबर ती पुनर्जन्म घेते. तिचे टप तीनदा बदलले, आसने गावच्या कारागिराने पुन्हा भरली, इंजिन एकदा पूर्ण उघडून बांधले, पत्रा जागोजागी कापून नवा जोडला. ‘माझी ही गाडी चाळीस वर्षे टिकली’ असे मालक म्हणतो तेव्हा टिकले ते काय? या बाबतीत सर्वांत ठाम वास्तववादी आपले परिवहन कार्यालय आहे: चॅसीवरचा ठोकलेला क्रमांक जुळला की गाडी तीच, पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी करा, पर्यावरण कर भरा, आणि तत्त्वज्ञान घरी जाऊन करा.

अमेरिकेत तर हा वाद खरोखरीच निवाड्याला गेला. महिंद्रा आणि गुलाम मोहम्मद यांच्या नावांनी १९४५ साली निघालेली, आणि फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाल्यावर जिच्या पाटीवरचे दुसरे नाव बदलले, ती कंपनी पुढे मुंबईत विलीज कंपनीच्या परवान्याने जीपची जोडणी करू लागली. विलीजचे उंच नाकाडाचे रूप तिने आपल्याकडे अनेक दशके चालवले. त्याच रूपाच्या वारसाची एक छोटी गाडी, ‘रॉक्सॉर’ नावाची, ती मिशिगनमध्ये बांधून विकू लागली तेव्हा जीप या नावाच्या तत्कालीन मालकांनी फिर्याद केली, आणि २०२० साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने असा निर्णय दिला की हे रूप जीपचे असून रॉक्सॉर त्यावर अतिक्रमण करते. त्याच वर्षाअखेर, मोहरा बदललेल्या गाडीस मात्र त्याने निर्दोष ठरवले. आयोगापुढे प्रश्न होता तो केवळ बाह्य रूपाच्या मालकीचा, आणि दिव्यांची जागा, बॉनेटची चापट ठेवण अशा गोष्टींवर त्याचा निवाडा झाला. गंमत अशी की जीपची मूळ कल्पना आपलीच अशी जाहिरात करणाऱ्या विलीज कंपनीला, १९४८ साली, तिच्याच देशातील व्यापार आयोगाने ती कल्पना बॅन्टम कंपनी आणि लष्करी अधिकारी यांची असल्याचे सुनावले होते. या घराण्यात मालकीची कैफियत कधी बिनतक्रार मान्य झालेली नाही.

मी स्वतः या प्रश्नात बौद्धांच्या बाजूला झुकतो, पण एका दुरुस्तीसह. क्षणोक्षणी बदलणाऱ्या त्या सांगाड्याला एकत्र धरून ठेवते ती मालकाची वही आणि मालकाची सवय. दुरुस्तीचा सातत्याने चालत आलेला क्रम हेच त्या वस्तूचे ऐक्य. तो क्रम तुटला की चॅसीचा क्रमांक जुळूनही उपयोग नसतो. म्हणून ज्या गाडीची वही नाही तिच्याविषयीचे दीर्घकालीन मत मला अर्धवट वाटते. असा मालक जिच्याविषयी बोलतो ती गाडी त्याच्या आठवणीत आहे, दारात उभी आहे ती नव्हे.

आणि येथे मालकाच्या साक्षीची खरी मर्यादा उघडी पडते; तिच्याविषयी महाभारतात एक विलक्षण कथा आहे. शल्यपर्वात युद्ध संपल्यावर, पांडव शिबिरापाशी आले असता, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की आज तू गांडीव आणि भाते घेऊन आधी उतर, मी मागाहून उतरतो. नेहमीची रीत उलटी. सारथी आधी उतरतो आणि रथीला उतरवून घेतो. अर्जुन उतरला, मग कृष्ण उतरला, ध्वजावरचा कपी अंतर्धान पावला, आणि तो दिव्य रथ घोड्यांसकट पाहता पाहता जळून भस्म झाला. द्रोणाच्या आणि कर्णाच्या अस्त्रांनी तो आधीच जळालेला होता, मी वर बसलो होतो म्हणून तगला, असे कृष्णाने सांगितले. या कथेचा भक्तिपर अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यात एक ज्ञानमीमांसेचा मुद्दाही दिसतो: रथाचा मालक, त्यातून अठरा दिवस लढलेला, जगातला श्रेष्ठ धनुर्धर, त्याला आपल्या वाहनाची स्थिती माहीत नव्हती. त्याला कोणी आदल्या रात्री विचारले असते तर त्याने रथाची मुक्तकंठाने प्रशंसाच केली असती, आणि ती प्रशंसा प्रामाणिक असती. ठाऊक होते ते सारथ्याला.

आपल्याकडे दणकट वाहनांचा इतिहास बव्हंशी असाच दुहेरी आहे. मामलेदार, अभियंता, कारखान्याचा अध्यक्ष, निवडणुकीचा उमेदवार हे मागे किंवा शेजारी बसले; चक्र हातात होते ते दुसऱ्याच कोणाच्या. आज ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या उघड्या जिप्सींच्या बाबतीतही मालक आणि चालक पुष्कळदा निराळे असतात. क्लचचा टप्पा किती उरला, उतारावर ब्रेक कोणत्या बाजूला ओढतो, हे पायाला कळते, आणि तो पाय मालकाचा नसतो. त्याच्याही पलीकडे मिस्त्री आहे. चालकाला परिणाम जाणवतो, मिस्त्रीला कारण दिसते. गिअरबॉक्सचे तेल बोटांच्या चिमटीत चोळून, त्यात पितळेची चमक आहे की नाही हे उजेडाकडे धरून पाहणारा तो मनुष्य एका दृष्टिक्षेपात त्या गाडीचा आणि तिच्या मालकाचा स्वभाव सांगू शकतो: हा घाईत गिअर टाकतो, हा ओझे जास्त भरतो, हा पाण्यातून आल्यावर तेल तपासत नाही. वात्स्यायनाने आप्ताच्या व्याख्येत कुळशीळ घातले नाही ते किती योग्य केले! तरीही दीर्घकालीन मत विचारायचे म्हटले की आपण मालकाच्या ओटीवर जातो, आणि चहा घेऊन आलेल्या चालकाला कोणी काही विचारत नाही. अण्णांची वही मला विश्वासार्ह वाटते त्याचे एक कारण हेही आहे की तीत मिस्त्रीच्या नावाचा रकाना आहे. आपले ज्ञान आपल्याला कोणाकडून मिळाले हे लिहून ठेवण्याइतका तो मालक निरभिमानी आहे.

आणखी एक गोष्ट उरते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले: जमिनीवर घट दिसत नाही यावरून घट नाही असे कळते. पण त्यांनी लगेच अट घातली की असता तर दिसलाच असता, अशी वस्तू असेल तरच हे चालते. अंधारात घट दिसला नाही यावरून काही सिद्ध होत नाही. दणकट गाड्यांच्या दीर्घकालीन मतांत असंतुष्टांची साक्ष फारशी आढळत नाही, यावरून असंतुष्ट नाहीत असे जे अनुमान काढतात ते ही अट विसरतात. ज्यांना गाडी मानवली नाही त्यांनी ती दोन वर्षांत विकली. ते आता मालक राहिले नाहीत, मालकांच्या मेळाव्यास त्यांना निमंत्रण नसते, आणि दहा वर्षांनंतरचे मत देण्यास ते नियमानेच अपात्र ठरतात. अण्णांच्याच भाऊबंदांपैकी एकाने, त्यांचे पाहून, तसलीच जीप घेतली होती. दुसऱ्या दिवाळीच्या आत ती गेली. त्यांनाही मी एकदा गाठून विचारले. त्यांचे दीर्घकालीन मत चालता चालता, चप्पल पायात सरकवता सरकवता देऊन झाले: “अहो, गाडीला काय झालंय? रस्ता नसेल तिथं ती जाते. मला नव्हतं ना जायचं तिथं.”